निखिलचे पॉइंट

मागच्या वर्षापर्यंत आमच्या सोसायटीत कुणाच्या स्कूटरला पेट्रोल भरायचं असलं, तर दुसऱ्या मजल्यावरचे पेडणेकरकाका मागे बसून यायचे. त्यांच्याकडे स्वतःची सायकलसुद्धा नव्हती. पंपावर पोचलं की ते उतरायचे, पेट्रोल भरणाऱ्याला एक मोबाइल नंबर सांगायचे, खिशातून बटणांचा जुना फोन काढायचे, त्यावर आलेले आकडे शाळेतल्या पाढ्यांसारखे मोठ्याने वाचायचे आणि पुन्हा मागे बसायचे. पैसे ज्याचे त्याने द्यायचे. काकांना पैशांत रस नव्हता. त्यांना पॉइंट हवे असायचे.

पॉइंट विमान कंपनीचे. आणि काका आयुष्यात एकदाही विमानात बसलेले नव्हते.

मुलुंडमध्ये आमच्या घराजवळ तीन पंप आहेत, पण त्यातल्या एकाच पंपाचा या विमान कंपनीशी करार होता. त्यामुळे अख्ख्या सोसायटीने तिथेच जायचं, असा काकांचा आग्रह. तळमजल्यावरच्या शहांच्या मुलाने एकदा ऑफिसातून येताना भांडुपला टाकी भरली. काका त्याच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मग जिन्यात गाठून म्हणाले, "भांडुपच्या पंपावर काय मिळतं रे? नुसतं पेट्रोलच ना?"

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. नोकरी विमानतळावर, चेक-इनच्या काउंटरवर. ज्या कंपनीचे ते पॉइंट, त्याच कंपनीत. नाव सांगत नाही, नोकरी अजून करायची आहे. पण त्यामुळे झालं असं, की विमान या विषयावरचा काकांचा प्रत्येक प्रश्न माझ्याकडे यायचा. मी कामावरून आले की ते सोसायटीच्या बाकावर वाट बघत बसलेले असायचे.

"शीतल, एक सांग. तिकीट काढलं ना? पैसे दिले ना? मग पुन्हा चेक-इन कशाला? नाटकाचं तिकीट काढल्यावर आपण जाऊन सांगतो का, मी आलोय म्हणून?"

"काका, विमानात वजन बघावं लागतं, कोण आलं कोण नाही ते बघावं लागतं. चेक-इन म्हणजे हजेरी समजा."

हे उत्तर त्यांना पटलं, कारण काका एका कारखान्यात टाइमकीपर होते. एलबीएस रोडवरचा तो कारखाना कधीच बंद पडला, तिथे आता उंच टॉवर आहे. पण काकांच्या डोक्यात भोंगा अजून वाजतो. माणूस गेटातून आत आला तर हजर, नाही आला तर गैरहजर, यापलीकडे त्यांनी जगाची विभागणी केलेली नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवशी वेब चेक-इन समजावून सांगितल्यावर ते भडकले.

"घरी बसून हजेरी लावायची? आमच्याकडे असल्या माणसाचं कार्ड फाडलं असतं मी."

मग रोज नवा प्रश्न. बॅग आपण तिकडे दिली, ती आपल्याच विमानात चढली हे कोण बघतं? पॉइंट उडण्याचे मिळतात, मग पेट्रोलचे कसे मिळतात? पेट्रोल काय उडतं? खिडकीची सीट मागितली आणि नेमकी पंखावर आली, तर तक्रार करता येते का? बोर्डिंग पास हरवला तर माणसाला खाली ठेवतात का? मी दमलेली असले तरी उत्तरं द्यायचे. एकदा मला उत्तर आलं नाही, तर म्हणाले, "हरकत नाही, साहेबांना विचारून ये." मी खरंच विचारून आले.

आता हे पॉइंट कुणाचे, ते सांगते. निखिलचे. निखिल काकांचा एकुलता मुलगा. बँकांची सॉफ्टवेअर बसवून द्यायचं त्याचं काम. सोमवारी विमानाने जायचा, शुक्रवारी यायचा. मला कधी काउंटरवर भेटला तर म्हणायचा, "शीतल, घरी काही निरोप?" काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घरात काका, निखिल, त्याची बायको रेवती आणि अन्वी नावाची लहान मुलगी. निखिल हैदराबादच्या हॉटेलात झोपेत गेला. हृदय बंद पडलं. सकाळच्या विमानाने घरी यायचा होता. आदल्या रात्री वेब चेक-इन करून ठेवलं होतं.

त्याला आणलंही विमानानेच. पण माझ्या काउंटरवरून नाही, मालवाहतुकीच्या बाजूने. काही महिन्यांनी काका बाकावर मला म्हणाले, "मी चौकशी केली. त्या शेवटच्या फेरीचे पॉइंट लागले नाहीत. माल म्हणून आला ना. मालाला पॉइंट नसतात."

हे त्यांनी इतक्या सरळ आवाजात सांगितलं, की मी मान डोलावली. घरी जाऊन दाराला पाठ लावून बराच वेळ उभी राहिले.

पॉइंटांचं वेड तिथून सुरू झालं. मीच त्यांना सांगितलं होतं, की खात्यात बरेच दिवस काही हालचाल झाली नाही तर साठलेले पॉइंट रद्द होतात. काकांनी विचारलं, "खातं झोपतं म्हणजे?" मी म्हटलं, हो, तसंच. "मग खातं जागं ठेवायला पाहिजे," ते म्हणाले, आणि कामाला लागले. निखिलचं सिमकार्ड आपल्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. त्याचा रिचार्ज कधी चुकवला नाही. पंपाचा करार कुठून तरी शोधून काढला. आणि अख्ख्या सोसायटीचं पेट्रोल निखिलच्या नावावर पडू लागलं. पंपावरच्या यंत्राला वाटत असणार, हा निखिल पेडणेकर दिवसातून तीन वेगवेगळ्या गाड्या चालवतो.

त्या फोनवर कंपनीचे मेसेज यायचे. एकदा आला, की तुमचा दर्जा गोल्डवरून सिल्व्हर करण्यात येत आहे. काका तो घेऊन माझ्याकडे वर आले. "हे डिमोशन झालं. मेमो नाही, चौकशी नाही, युनियनला कळवलं नाही. असं कसं?" मी सांगितलं, वर्षभरात फेऱ्या झाल्या नाहीत की दर्जा खाली येतोच. "तो रजेवर आहे असं लाव ना काहीतरी," ते म्हणाले. मग स्वतःच उठले. "नाही, तू अडचणीत येशील."

दुसऱ्यांदा मेसेज आला तो असा, की निखिल, बऱ्याच दिवसांत भेट नाही, आम्हाला तुमची आठवण येते.

"हे कोण लिहितं गं?"

"कुणी नाही काका. कॉम्प्युटरच पाठवतो."

"असेल. पण आठवण तर काढतो." फोन शर्टाच्या बाहीला पुसत ते म्हणाले, "वर्षश्राद्ध झालं त्याला किती दिवस झाले. आमच्या चुलतभावांचा एक फोन नाही."

सोसायटीतले लोक त्यांना हसायचे. तोंडावर नाही, पण हसायचे. म्हातारा पॉइंट जमवून स्वर्गात बिझनेस क्लासने जाणार, असं कुणीतरी म्हणालं आणि ते बरंच चाललं. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. विनोद वाईट नव्हता.

एका संध्याकाळी त्यांचा प्रश्न वेगळा होता.

"चेक-इन केलेला माणूस आलाच नाही, तर तुम्ही काय करता?"

"त्याला आम्ही नो-शो म्हणतो. सीट रिकामी जाते."

"ते नंतरचं. आधी काय करता? शोधता का?"

मग माझ्या लक्षात आलं. मी जपून म्हटलं, "हो. नाव पुकारतो. माइकवरून. पुन्हा पुन्हा पुकारतो. मोबाइल नंबर असला तर फोनही लावतो."

"पूर्ण नाव घेता की नुसतं आडनाव?"

"पूर्ण."

काका समोरच्या पार्किंगकडे बघत होते. "म्हणजे त्या दिवशी हैदराबादला त्याचं नाव पुकारलं असेल."

"पुकारलं असणार, काका."

"सगळ्यांना ऐकू गेलं असेल."

"हो."

"बरं झालं," ते म्हणाले. ते उठून वर गेले आणि मी बाकावरच बसून राहिले. त्यानंतर काउंटरवर किंवा गेटवर कुणाचं नाव पुकारायची पाळी आली, की मी ते घाईत उरकत नाही. इतकंच माझ्या हातात आहे.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात रेवतीने ठरवलं, की नागपूरला आईकडे जायचं. कायमचं. तिच्या कंपनीचं तिथे ऑफिस आहे, अन्वीला सांभाळायला आजी आहे. रेवती वाईट मुलगी नाही, हे इथेच सांगून ठेवते. दोन वर्षं तिने सासऱ्यांचं सगळं केलं. पण ती मला एकदा म्हणाली होती, "शीतल, त्या घरात निखिलचा फोन वाजतो गं. रोज. मेसेज येतो, टिंग वाजतं, आणि दरवेळी मी दाराकडे बघते. बाबांना कसं सांगू, बंद करा म्हणून?"

तिने काकांनाही नागपूरला चला म्हटलं. काका म्हणाले, "मी तिकडे काय करू? मला तिथलं ऊन सोसणार नाही." खरं कारण आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं. सुनेच्या माहेरी जाऊन राहणाऱ्यातले ते नव्हेत.

रेवतीने मग एकच गोष्ट मागितली. निखिल अन्वीला नेहमी म्हणायचा, की यंदा माझ्या पॉइंटवर तुला विमानात बसवणार. कामाच्या गडबडीत ते राहून गेलं. रेवती म्हणाली, "बाबा, नागपूरची तिकिटं त्याच्या पॉइंटवर काढूया. अन्वीला सांगता येईल, पप्पांनी नेलं म्हणून."

काका म्हणाले, "ट्रेनने जा. पोरगी बर्थवर झोपून जाईल."

"बाबा, पॉइंट पडून आहेत."

"पडून नाहीत. जागे आहेत."

चार दिवस असेच गेले. रेवती खोकी भरत होती आणि काका हॉलमध्ये फोन मांडीवर घेऊन बसलेले. शेवटी अन्वीनेच सोक्षमोक्ष लावला. ती आजोबांजवळ जाऊन म्हणाली, "पप्पांचे पॉइंट तुम्ही वापरणार आहात का? नाहीतर मला द्या." काका त्याच संध्याकाळी माझ्याकडे आले. म्हणाले, "तिकिटं काढायची."

अडचण अशी, की आमच्या कंपनीत आपल्या पॉइंटवर दुसऱ्याचं तिकीट काढायचं तर त्या माणसाचं नाव आधी खात्यात घालावं लागतं, आणि ते सभासदाने स्वतः घालावं लागतं. निखिलने कुणाचंच नाव घातलेलं नव्हतं. छत्तीस वर्षांच्या माणसाला घाई वाटत नाही. मी काकांना दुसरा मार्ग सांगितला. मृत्यूचा दाखला द्यायचा, खातं बंद होतं, पॉइंट बायकोच्या नावावर जातात. काका म्हणाले, "तो मार्ग नको." आणि माझ्यासमोरच फोन स्पीकरवर टाकून कॉल सेंटरला लावला.

"गुड इव्हिनिंग, क्या मेरी बात निखिलजी से हो रही है?"

काकांनी घसा खाकरला. "हां. बोल रहा हूँ."

मी स्वयंपाकघरात निघून गेले, पण ऐकू सगळं येत होतं. त्यांनी जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, आईचं माहेरचं आडनाव सांगितलं. एकेक उत्तर पाठ. त्यांचं हिंदी कारखान्यातलं होतं आणि आवाज सत्तरीचा. पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, आपकी तबीयत ठीक है? आवाज़ थोड़ी..."

"सर्दी है. एसी में काम करता हूँ."

"जी सर. दो नाम जोड़ने हैं ना? बस एक छोटा सा वीडियो कॉल करेंगे, आपका चेहरा देखना पड़ता है. अभी कर लें?"

"निखिलजी? सर? आप लाइन पर हैं?" तो मुलगा विचारत राहिला. काकांनी फोन बंद केला. मी बाहेर आले तेव्हा ते माझ्या भिंतीवरच्या आरशात स्वतःकडे बघत होते. "नाकडोळे माझेच होते त्याचे," ते म्हणाले, "पण तेवढ्याने भागत नाही."

दोन दिवसांनी मी सुट्टी घेतली आणि आम्ही रिक्षा करून अंधेरीला कंपनीच्या ऑफिसात गेलो. पवईपर्यंत काका बाहेरची रहदारी बघत होते. पुढे म्हणाले, "बोलायचं मी. तू मध्ये पडू नको." मी बरं म्हटलं.

काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. मला ओळखत नव्हती. काका तिच्यासमोर ताठ बसले.

"खातं बंद करायचंय. निखिल दिगंबर पेडणेकर."

तिने नंबर घातला. "सर, इतके पॉइंट आहेत. बंद का करताय? आमच्या सर्व्हिसबद्दल काही तक्रार आहे का?"

"नाही. सर्व्हिस चांगली आहे."

"मग राहू दे ना. अ‍ॅक्टिव्ह आहे अकाउंट. परवाच पेट्रोलचे पॉइंट लागलेत." तिने हसून वर बघितलं. "आणि बंद करायला मेंबरला स्वतः यावं लागेल, सर."

"तो येणार नाही."

"बाहेरगावी आहेत का?"

मी माझी नखं बघत होते. निखिलला जाऊन दोन वर्षं होत आली होती, आणि या माणसाने त्या गोष्टीला कधी नाव दिलेलं नव्हतं. 'निखिलचं झालं तेव्हा' असं म्हणायचे, किंवा 'त्या हैदराबादच्या वेळी.' काका टेबलाच्या कडेला हात ठेवून म्हणाले, "वारला तो."

मुलीचा हात कीबोर्डवरून खाली आला.

"माझा मुलगा होता," काका म्हणाले. "वारला. दाखला आणलाय. हे त्याच्या बायकोचं नाव. पॉइंट तिला द्या."

पुढचं सगळं भराभर झालं. मुलगी फार चांगली वागली. पाणी आणून दिलं, फॉर्म स्वतः भरला, सह्या कुठे करायच्या तिथे खुणा केल्या. काकांनी प्रत्येक सही पूर्ण नावाने केली. काही आठवड्यांनी खातं बंद झाल्याचा मेसेज निखिलच्या नंबरवर आला. त्याच्या शेवटी लिहिलं होतं, की आपण पुन्हा लवकरच आमच्याबरोबर प्रवास कराल अशी आशा आहे. काकांनी मला खाली बोलावून तो दाखवला. मग फोन उघडून त्यातलं सिम बाहेर काढलं आणि रेवतीच्या हातात दिलं. ती ते मुठीत धरून आतल्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

जायचा दिवस आला. काका सोडायला आले होते. विमानतळाच्या दारापाशी जवान तिकीट बघूनच आत सोडतो, त्यामुळे त्यांचा निरोप बाहेरच झाला. तो मी पाहिला नाही, मी आत ड्युटीवर होते. रेवती आणि अन्वी माझ्याच रांगेत आल्या. रेवतीचे डोळे सुजलेले. अन्वी मात्र टाचा उंचावून काउंटरवर हनुवटी टेकवून उभी.

मी नियमाप्रमाणे विचारलं, "बॅग कुणी भरली?"

रेवती तोंड उघडायच्या आत अन्वी म्हणाली, "आम्हीच भरली. अनोळखी माणसाने दिलेलं काही नाही. पॉवर बँक हातातल्या पिशवीत आहे. आणि खिडकीची सीट पाहिजे, पंखाच्या पुढची. पंखावर नको."

"हे कुणी शिकवलं?"

"आजोबांनी. पंधरा दिवस रोज शिकवत होते. त्यांना सगळं येतं."

मी तिला खिडकी दिली, पंखाच्या पुढची. बोर्डिंग पास हातात घेऊन ती आईला ओढत सिक्युरिटीकडे गेली. मागे वळून बघायचं तिच्या मनातही आलं नाही. ते वयच तसं असतं, आणि पहिलंच विमान होतं. रांगेतल्या पुढच्या गृहस्थांनी मला दोनदा हाक मारली, तेव्हा मी भानावर आले.

ड्युटी चार वाजता सुटली. मी बाहेर पडले, तर काका समोरच. येणाऱ्या प्रवाशांच्या कठड्यापाशी, नावांच्या पाट्या धरलेल्या ड्रायव्हर लोकांमध्ये उभे. सकाळपासून तिथेच होते. एका ड्रायव्हरने त्यांना कठड्याला टेकायला जागा करून दिली होती आणि वडापाव दिला होता, त्याचा कागद त्यांच्या हातात होता.

"काका, विमान केव्हाच पोचलं. रेवतीचा मेसेज आलाय. अन्वी ढगांबद्दल काहीतरी सांगतेय, मी घरी गेल्यावर ऐकवते. तुम्ही गेला नाहीत अजून?"

"जायचं काय," काका म्हणाले. "बसमध्ये चढणार होतो. मग म्हटलं, घरी जाऊन कुलूपच उघडायचंय."

मी त्यांच्या हातातला कागद घेतला. तो ड्रायव्हर माझ्याकडे बघून हसला आणि काकांना म्हणाला, "काय बाबा, सकाळपासून विचारतोय कुणाला घ्यायला आलात, तर सांगत नव्हता. आली का तुमची माणसं?"

काकांनी माझी पर्स माझ्या खांद्यावरून काढून आपल्या खांद्याला लावली.

"ही काय," ते म्हणाले. "वरच्या मजल्यावरची मुलगी. हिलाच न्यायला आलो होतो."